बाबा, बटण आणि दोन पळ्या

दोनदा नापास झालेल्या पायलटला आमची कंपनी तिसरी संधी देते. चौथी देत नाही, निरोपाचा चहाही देत नाही. माझी तिसरी गुरुवारी होती.

दोन्ही वेळा मी एकाच जागी आपटलो होतो. चाकं धावपट्टीला टेकतात, तेवढ्यात समोर गाडी आडवी येते आणि विमान पुन्हा उचलायचं असतं. हवेत असलात तर सोपं. एक बटण असतं; ते एकदा दाबलं की यंत्रणा स्वतःच थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणारे दोन दांडे, पुढे नेते, पुन्हा दाबलं की पूर्ण जोर लावते. पण आमच्या विमानात उतरताना चाकं टेकली की तेच बटण ढिम्म. तेव्हा थ्रॉटल हाताने ढकलायचे. मी मात्र लिफ्टची वाट पाहावी तसा बटण दाबून बसलो. सिम्युलेटरमध्ये ती गाडी आम्ही दोनदा कुंपणापर्यंत नेली.

"त्यात काय? मी होतो तुझी यंत्रणा," बाबा म्हणाले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये बुटांचं खोकं. त्याला चिरा पाडून दोन पळ्या उभ्या केल्या, शेजारी आईच्या स्वेटरचं बटण चिकटवलं.

उड्डाण. निघताना बटण चालतं; मी ते दाबलं, बाबांनी पळ्या पुढे नेल्या. धावपट्टीवरच ऐंशी नॉटचा वेग झाला.

"बाबा, सोडा आता."

"चालत्या गाडीत?"

"ऐंशीला यंत्रणा हात काढून घेते. थ्रॉटल आहेत तिथेच राहतात. हलवायचे तर मी हलवायचे."

"आणि ती काय करते, खिडकीतून बघते?" त्यांनी पळ्यांवरून एकेक बोट मोजून काढलं.

मग उतरणं. "चाकं टेकली की तुम्ही काहीच करायचं नाही."

"काहीच?"

"काहीच."

बाबांनी डोळे मिटले आणि घोरायला लागले. मी सवयीने बटण दाबलं. ते अजून जोरात घोरले. चार दिवस हेच चाललं. आई वाटीने वाढत होती, कारण पळ्या धावपट्टीवर होत्या. बुधवारीही माझा अंगठा बटणावरच गेला. बाबांनी एक डोळा उघडला. "झोपलेल्याला काय बेल मारतोस?"

गुरुवारी सिम्युलेटरमध्ये परीक्षक बाई मागे बसल्या होत्या. त्यांना सगळे 'भिंत' म्हणतात, आणि भिंतीने अजून तक्रार केलेली नाही. उड्डाण झालं. ऐंशीला यंत्रणेने थ्रॉटल सोडले, बाबांपेक्षा जरा लवकर. वळून उतरलो. चाकं टेकली. समोर गाडी!

अंगठा बटणाकडे निघाला आणि मला घोरणं ऐकू आलं. अगदी स्पष्ट, शिट्टीसकट. अंगठा थांबला. मी तळहाताने दोन्ही थ्रॉटल पार पुढे ढकलले. गाडी खालून निघून गेली.

बाईंनी बराच वेळ लिहिलं.

"ढकलताना तुम्ही काहीतरी म्हणालात."

"नाही, मॅडम."

"'झोपा तुम्ही, बाबा,' म्हणालात. प्रक्रियेत हे वाक्य नाही."

"नाही, मॅडम."

"पास. पुढच्या वेळी मनात म्हणा."

घरी आलो तर बाबा खुर्चीत, शर्टाला इस्त्री, पुढ्यात खोकं, डोळे मिटलेले. सकाळपासून उठले नाहीत, असं आईने खुणेनं सांगितलं.

"बाबा, पास झालो."

घोरणं.

मी स्वेटरचं बटण दाबलं. घोरणं वाढलं. मग दोन्ही पळ्या धरल्या आणि हाताने पुढे ढकलल्या.

"आत्ता कसं!" डोळे न उघडताच बाबा म्हणाले. कडा मात्र ओल्या झाल्या होत्या.

आईने पळ्या उचलल्या, धुतल्या आणि वाढायला घेतलं.