ताता बालामचं काळं अंडं

अंडं फुटलं आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "हाऽ" असा आवाज निघाला.

ग्लासातल्या पाण्यात पिवळा बलक पडायच्या ऐवजी काळ्या केसांचा गुंता उतरला आणि त्याच्यामागून लालभडक रक्त. जंगलातल्या त्या पडक्या देवळाच्या पायऱ्यांवर पाठीवरच्या सॅक उतरवून बसलेल्या पोरापोरींनी हात जोडले. काहींनी आधी फोन काढले, फोटो घेतले आणि मग हात जोडले.

"बघा!" पिसांचा मुकुट घातलेल्या वैदूने, ताता बालामने, ग्लास उंच धरला. "या पोरीच्या पोटात हे होतं! अंडं तिचं, पाणी तिचं, दुखणंही तिचं. माझं इथे काय आहे? काही नाही! मी नुसता नळ. वरून शक्ती येते, खालून रोग जातो!"

"नळाला एवढी पिसं कशाला लागतात?" नोएमी पुटपुटली.

"हळू बोल गं," झुल्माने तिला कोपर मारलं. "तो माया राजांचा वंशज आहे."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणाला ना!"

नोएमीने मांडीवरच्या लेकीला, रेनाताला, जवळ ओढलं आणि फाबियानकडे पाहिलं. फाबियान पायरीला टेकून बसला होता आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होता. सकाळपासूनची कितवी बाटली होती कोण जाणे.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या कॉलेजातली ही जुनी दोस्त मंडळी. सॅक पाठीवर टाकून निघाली होती. आधी डोंगरातली गावं, मग जंगलातली जुनी देवळं आणि शेवटी समुद्र. पाच वर्षांच्या पोरीला घेऊन आलेली एकटी नोएमीच. तिच्या सॅकमध्ये थर्मामीटर, तापाचं औषध, जुलाबावरची पुडी आणि विंचू चावल्यावर लावायचं मलम. "ही सॅक नाही, दवाखाना आहे," असं दोस्त तिला चिडवत. फाबियानच्या सॅकमध्ये मात्र खराखुरा दवाखाना होता. शाळेत असल्यापासून त्याला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. परवा ताता बालामने त्याच्यावरून पहिलं अंडं उतरवलं, त्यातून केसांचा गुंता काढला आणि फर्मावलं, "कोणीतरी तुझ्या रक्तात गाठ मारलीये, पोरा. प्रत्येक सुईने ती आणखी आवळते. सुया बंद! आणखी एकदा उतरवतो, मग समुद्रात डुबकी मार आणि मिठाई खा."

तेव्हापासून फाबियानने सुई घेतली नव्हती.

नोएमीने त्याला समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. तो हसून म्हणाला, "अगं, किती हलकं वाटतंय माहितीये? तू आई झालीस आणि सगळ्यांचीच आई झालीस." पण काल त्याला ओकारी झाली होती, आणि आज तो बोलला की तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. त्या वासाचा अर्थ नोएमीला ठाऊक होता. कॉलेजात असताना असाच वास आला होता, तेव्हा याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं.

अंडं उतरवणं काही तिला नवं नव्हतं. रेनाताला ताप आला की नोएमीची आई कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडं आणायची, पोरीच्या अंगावरून फिरवायची, पाण्यात फोडायची आणि बुडबुडे बघून म्हणायची, "नजर लागलीय." म्हणायची आणि लगेच चपला घालून पोरीला डॉक्टरकडे न्यायची! या सगळ्यांच्या घरी हेच होत आलं होतं. प्रत्येकाने लहानपणी आपल्या अंगावर अंडं फिरलेलं पाहिलं होतं, म्हणून ताताच्या हातातलं अंडं कोणी नीट पाहतच नव्हतं. आजीच्या हातावर कोण संशय घेतो? आणि ताताने हात आजीचाच उसना घेतला होता.

नोएमी मात्र त्या हाताकडेच पाहत होती. डाव्या हातात तुळशीच्या आणि सताबाच्या पानांची केरसुणीएवढी जुडी. अंडं अंगावरून फिरायचं, मग "विष जिरू दे" म्हणून जुडीत शिरायचं, मंत्र संपला की बाहेर यायचं. आत जे जातं तेच बाहेर येतं कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या स्वयंपाकघरात तिने पुढच्या प्रवासासाठी अंडी उकडली. रस्त्यातलं काहीबाही खाऊन पोरीचं पोट बिघडायला नको. झुल्माने त्यातलं एक उचलून मीठ-लिंबू लावून उभ्याउभ्याच खाल्लं. फळीवर रुमालात फाबियानचं अंडं होतं, ताताकडे न्यायला स्वतः विकत आणलेलं. झुल्मा हात धुवायला वळली, तेव्हा नोएमीने ते कच्चं अंडं उचललं आणि त्याच्या जागी पातेल्यातलं एक, पुसून गार केलेलं, ठेवून दिलं.

देवळापाशी गर्दी कालच्याहून मोठी होती. फाबियानला दोघांनी धरून पुढे नेलं.

"बघा, रोग कसा घाबरलाय!" ताता गरजला. "निघायची वेळ झाली की असाच पाय ओढतो!"

अंडं कपाळावरून फिरलं, छातीवरून फिरलं, जुडीत शिरलं. ताताने डोळे फिरवले, वाघासारखा गुरगुरला आणि ग्लासाच्या काठावर अंडं आपटलं. केस, रक्त, शिवाय एक मेलेला किडा.

"सुटलास, पोरा!"

टाळ्या पडल्या. नोएमी उठली.

"ताता, एक शंका आहे. ते अंडं मी सकाळी उकडलं होतं."

कोणाला काही कळेना. फाबियान म्हणाला, "काहीतरी काय? माझं अंडं आहे ते."

"तुझं कच्चं अंडं हे माझ्या हातात आहे. मी बदललं. तू त्यांना दिलंस ते रेनाताच्या डब्यासाठी उकडलेलं. झुल्मा, त्याच पातेल्यातलं तू खाल्लंस ना?"

"हो... टणक उकडलेलं होतं," झुल्मा चाचरत म्हणाली.

"मग ते पातळ कसं झालं?"

मागून एक दाढीवाला पोरगा हरखून ओरडला, "म्हणजे उकडलेलं कच्चं केलं! केवढी शक्ती!"

ताताने ती दोरी लगेच पकडली. "अर्थात! आगीचा संस्कारसुद्धा मी उलटवतो!"

"छान," नोएमीने खिशातून आणखी एक अंडं काढलं. "हेही उकडलेलं आहे. जुडी खाली ठेवा, बाह्या वर करा आणि सगळ्यांसमोर कच्चं करून दाखवा. मी स्वतः तुमच्या पाया पडते."

"अश्रद्ध बाईसमोर शक्ती येत नाही!"

"आत्ता तर आली होती! मी इथेच बसले होते."

कोणीतरी फिसकन हसलं. ताता जुडी छातीशी धरून मागे सरकला, तशी झुल्माने झेप घेऊन ती ओढली. पानांतून एक अंडं टपकन दगडी पायरीवर पडलं. सांडलं नाही. कवच तडकलं, आतून पांढरंशुभ्र उकडलेलं अंडं दिसलं आणि ते गडगडत दाढीवाल्याच्या पायाशी जाऊन थांबलं.

मग ताताची झोळीही उघडली गेली. त्यात आणखी अंडी तयार होती. प्रत्येकाच्या बोथट टोकाला बारीक भोक, त्यातून केस आणि कोंबडीचं रक्त आत घातलेलं आणि भोक पांढऱ्या मेणाने बुजवलेलं. नेमकं तेच टोक अंगठ्याखाली झाकून राजवंशज अंडं फोडत असे. माया राजांचा वारस पिसं सावरत झाडीत पळाला, तेव्हा झग्याखालून त्याच्या पँटची इस्त्री दिसत होती.

हसायला नोएमीला वेळ नव्हता. फाबियान पायरीवर आडवा झाला होता, श्वास जोरजोरात चालला होता. वाटेत मिळालेल्या एका टेम्पोच्या मागे त्याला घालून त्यांनी तालुक्याच्या गावातला दवाखाना गाठला.

"आणखी उशीर केला असता," डॉक्टरीणबाई सलाईन लावत म्हणाल्या, "तर याला समुद्र दिसला नसता."

संध्याकाळी फाबियानने डोळे उघडले.

"मी मूर्ख नाहीये गं," तो म्हणाला. "आयुष्यभर टोचून घ्यायचं आहे. कोणीतरी पहिल्यांदाच म्हणालं, आता नको टोचूस. ते खरं असावं असं फार वाटलं मला."

"माहितीये," नोएमीने त्याचा हात धरला.

टेम्पोतून सोबत आलेला तो दाढीवाला दारात उभा होता, हातात पाण्याची बाटली. अजूनही त्याचं समाधान झालं नव्हतं. "पण ताई, विश्वास ठेवला तर बिघडतं काय? माणसाला बरं वाटतं."

नोएमीने सलाईनच्या नळीकडे बोट केलं. "हे बिघडतं. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं ना, तेच सगळ्यात आधी तपासायचं. विचारायचं, उलटून पाहायचं, दुसऱ्याला दाखवायचं. आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातात आपल्या माणसाचा जीव द्यायचा नाही."

पलंगावरून फाबियानने बाही वर सारली आणि नोएमीकडे दंड पुढे केला.

"दे," तो म्हणाला. "वेळ झाली सुईची."