टिकणारा पहिला गुलाबी

"डी-ब्लॉक परत रमा मॅडमच घेणार? मेरा तो मूडच ऑफ, यार." ऋषभ जिन्यात चपला काढता काढता कुरकुरला. "देवयानी मॅमला द्यायला काय होतं?"

"हळू बोल ना. किचन इथंच आहे," शलाका म्हणाली.

इथंच होतं. जाळीच्या खिडकीआड मी मटार सोलत बसले होते आणि त्या दोघांचे मोजेसुद्धा मला दिसत होते. डी-ब्लॉक म्हणजे तांबं, लोखंड, मँगनीज असल्या रंगीत स्वभावाच्या मंडळींचा धडा. माझा आवडता. तोच नेमका पोराला माझ्याकडून नको होता. एक शेंग मी दाण्यांसकट सालांत टाकली.

आमचा क्लास म्हणजे इंदूरच्या तुकोगंजातल्या फ्लॅटची पुढची खोली. हे, म्हणजे रघुवीर, सकाळी शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी घरी बारावीची पोरं घेतात. फिजिकल केमिस्ट्री त्यांची. मोल, समतोल, विद्युत-रसायन. आकडे नीट मांडले की उत्तर येणारच, असल्या भरवशाच्या गोष्टी. इनऑर्गॅनिकचा त्यांना मनापासून कंटाळा. "पाठांतराचं खातं" म्हणायचे. ते खातं मी उचललं. मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. पोळ्या लाटता लाटता भिंतीपलीकडून ऐकत गेले, मग पोरांची पुस्तकं, मग लायब्ररीतली. एकदा हे बाहेर गेलेले असताना एका रडवेल्या मुलीला मी आयनीकरण ऊर्जा समजावून सांगत होते. इलेक्ट्रॉन घरापासून जितका लांब, तितका त्याला फूस लावायला सोपा. हे दारात उभं राहून ऐकत होते, मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी काही न बोलता त्यांनी माझ्या हातात खडू दिला. आमच्यात प्रेमपत्रं कधी झाली नाहीत. जे काही झालं ते त्या खडूत आलं.

आणि दिवाळीनंतर देवयानी आली.

ती मूळची सांवेरची, एम.एस्सी., ह्यांच्याच शाळेत नवीन लागलेली. ऑर्गॅनिक घ्यायला कोणीतरी हवंच होतं. मी स्वतःच तिला पहिल्या दिवशी चहा करून दिला होता. दिसायला फार सुंदर असती तर मला बरं वाटलं असतं, निदान कारण तरी कळलं असतं. साधी मुलगी. दोन वेण्यांची सवय नुकतीच सुटल्यासारखी मान. पण महिनाभरात हे ऑर्गॅनिकच्या तासांशिवाय आपल्या तासालाही तिला बोलावू लागले. ह्यांनी खुर्चीत बसून तोंडी सांगायचं आणि तिनं फळ्यावर लिहायचं. जुगलबंदीच. मध्येच ती थांबायची, म्हणायची, "सर, तिथे मायनस येईल ना?" आणि हे हसून म्हणायचे, "येईल, येईल." माझ्या आठवणीत ह्यांचा मायनस कोणी काढून दाखवला तर हे संध्याकाळभर जेवत नसत.

खडू आता तिच्या हातात होता, हे मी वेगळं सांगायला नको.

मग स्कूटर. ह्यांची स्कूटर म्हणजे आमच्या घरातलं लाडकं अपत्यच. ती एकाएकी खाली झाकून ठेवली गेली आणि हे देवयानीच्या ॲक्टिव्हावर, मागच्या सीटवर बसून शाळेत जायला लागले. "बिघडली आहे," म्हणाले. मी मेकॅनिकला बोलावलं. पहिल्या किकला सुरू झाली.

"मॅडमजी, इसमें तो कुछ हैच नहीं," मेकॅनिक म्हणाला.

"ठीक आहे ना गाडी," मी संध्याकाळी म्हटलं.

"असेल. पेट्रोल वाचतं पण."

खालच्या मजल्यावरच्या इंदुमतीताईंनी तर एकदा जिन्यात गाठलंच. "रमाजी, सरांची मज्जा आहे हं. हेल्मेट घालून मागे बसतात, अगदी शहाण्या मुलासारखे."

मी हसले. घरी येऊन हेल्मेट माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी देवयानीनं नवीन आणलं.

जानेवारीत एक दिवस दोघं राजवाड्याकडे काचसामान आणायला गेले आणि तिन्हीसांजेला परतले ते हे काळा गॉगल लावून. हातात काचसामान म्हणावं तर एक पिपेट.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"ऊन फार होतं."

"जानेवारीत?"

"इंदूरचं ऊन आहे रमा, त्याला महिना लागत नाही."

देवयानी फरशीकडे बघत उभी होती. मग पाणीही न पिता गेली. मी रात्रीचं वरण इतकं तिखट केलं की माझंच नाक वाहिलं. हे मुकाट जेवले. वाटी धरताना थोडं वरण ताटाबाहेर सांडलं, तेव्हा मी मनात म्हटलं, लक्ष कुठे आहे ते कळतंय.

सगळ्यात वाईट ते बघणं. हे हल्ली माझ्याकडे बघून बोलत नसत. माझ्या कानाच्या पलीकडे, भिंतीवर कुठेतरी नजर. ज्याला बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही तो माणूस काय लपवत असतो, हे कळायला केमिस्ट्री लागत नाही. एकदा मी विचारलंच, "माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार?" भिंतीला म्हणाले.

पण मला खरं सोलून गेलं ते टायट्रेशन. बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधी आम्ही मागच्या गॅलरीत टेबल मांडून पोरांना तो प्रयोग करून दाखवतो. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या उभ्या काचनळीत, पोटॅशियम परमँगनेट, इतकं गडद जांभळं की आकडा द्रवाच्या वरच्या कडेनं वाचावा लागतो. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, आम्ल घालून गरम केलेलं, पाण्यासारखं स्वच्छ. जांभळा थेंब पडतो, फ्लास्क हलवला की विरून जातो. पडतो, विरतो. असं होता होता एक थेंब असा येतो की रंग विरत नाही, फिकट गुलाबी तसाच राहतो. टिकणारा पहिला गुलाबी. तिथे हात थांबला पाहिजे. पुढे गेलात की सगळं पुन्हा. ह्यांचा हात असा की शेवटचा अर्धाच थेंब तोटीला लटकवून फ्लास्कच्या काठानं टिपून घेत. आणि त्या वेळी उजव्या हाताशी उभी राहायची मी. मी आकडा वाचायचा, त्यांनी हात थांबवायचा. वर्षानुवर्षांची वहिवाट.

या वर्षी पहिल्याच प्रयोगाला मी पदर खोचून गेले तर उजव्या हाताशी देवयानी.

"तू राहू दे," हे म्हणाले. "दमतेस."

मी स्वयंपाकघरातून ऐकत राहिले. तोटी फिरवल्याची किरकिर, मग शांतता, मग ह्यांचा आवाज, पोरांना ऐकू जाणार नाही इतका हलका: "आला का?" आणि तिचा, त्याहून हलका: "थांबा... अजून एक... हं, बस सर." बावीस वर्षं संसार केला; मला इतक्या हळू आवाजात ह्यांनी साखरसुद्धा मागितली नव्हती.

या प्रयोगात एक गंमत आहे, ती पुस्तकात एका ओळीत उरकतात. पहिले थेंब विरायला फार वेळ लावतात. पोरं घाबरतात, वाटतं बिघडलं काहीतरी. पण थोडी क्रिया झाली की त्यातून जे तयार होतं तेच पुढच्या थेंबांना घाई करायला लागतं, बाहेरून काही घालावं लागत नाही. माझंही तसंच झालं. स्कूटरला मी महिना घेतला होता, गॉगलला आठवडा. 'बस सर'ला रात्रही लागली नाही. आधीच्याच संशयानं सगळं भराभर पचवलं.

मला एवढंच हवं होतं की टेबलाशी माझी जागा मला परत मिळावी. एकदा तिच्याशिवाय तो प्रयोग व्हावा, ह्यांना आठवावं की इथे कोण उभं असायचं. म्हणून शनिवारी मी पोरांना ग्रुपवर चारची वेळ कळवली आणि देवयानीला पाचची. मी इतकी हलकी बाई आहे हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं, आणि लाज वाटायच्या ऐवजी मी हळदी रंगाची चांगली साडी नेसले.

"देवयानी?" ह्यांनी गॅलरीत येता येता विचारलं.

"येईलच. पोरं खोळंबलीत. सुरू करा," मी म्हटलं आणि मागे जाऊन फ्लास्क गॅसवरून उतरवला. पोरांची गर्दी, खुर्च्या ओढल्याचा गोंधळ. फ्लास्क ब्युरेटखाली ठेवून मी त्यांच्या उजव्या हाताशी जाऊन उभी राहिले. बोलले नाही. मुद्दामच. म्हटलं, बघू दे.

ह्यांचा हात टेबलावरून, स्टँडवरून चढत तोटीपर्यंत गेला. बोलणं नेहमीसारखं झकास चाललं होतं. "परमँगनेट स्वतःच स्वतःचा दर्शक आहे, पोरांनो. त्याला दुसऱ्या कोणी येऊन सांगावं लागत नाही." थेंब पडत होते. विरत होते. ऋषभ पुढे वाकून फ्लास्क हलवत होता.

मग गुलाबी आला. अगदी पहाटेच्या ढगाइतका. ऋषभनं फ्लास्क हलवला, रंग राहिला. आता हात थांबेल म्हणून मी आकडा वाचायला तोंड उघडलं.

हात थांबला नाही.

आणखी एक थेंब. आणखी एक. फ्लास्क पेरूच्या गराचा झाला, मग गुलकंदाचा. मला वाटलं, मुद्दाम दाखवतायत. चूक कशी दिसते ते. मी पोरांकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. कोणी चकितही नव्हतं, हे मला जास्त लागलं. ऋषभ फ्लास्क हलवतच होता, मान खाली घालून. शलाकानं बोलायला ओठ हलवले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. फ्लास्क जांभळाच्या सरबतासारखा दाट झाला होता.

तेव्हा हे माझ्याकडे झुकले. तोच आवाज, जो मी भिंतीआडून ऐकत आले होते.

"आला का गं, देवयानी?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. हातभर अंतरावर उभी होते मी, हळदी साडी नेसून, बावीस वर्षांची बायको, आणि हा माणूस मला तिच्या नावानं हाक मारत होता, पोरांदेखत. मी म्हणणार होते ते शब्द जिभेवर होते, चांगले धारदार.

"सर?"

आवाज दारातून आला. देवयानी उभी होती, धापा टाकत, हेल्मेट अजून डोक्यावर. शलाकानं कळवलं असणार. तिची नजर फ्लास्ककडे गेली आणि चेहरा पडला.

हे आवाजाच्या दिशेनं वळले. मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या कानापलीकडे, त्या त्यांच्या भिंतीकडे. मला त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेली एक भीती दिसली.

"देवयानी तिथे आहे," ते सावकाश म्हणाले. "मग इथे कोण आहे?"

जिभेवरचे शब्द कुठे गेले मला माहीत नाही. स्कूटर, गॉगल, वरण, मायनस. सगळं एकापाठोपाठ उलटं फिरलं. मी काही खुळी नव्हते. सांडलेलं वरण मीच पुसलं होतं. पण दुसरी बाई आहे असं मानणं मला सोपं गेलं होतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"मी आहे," मी म्हटलं.

"रमा?"

"हो."

त्यांनी तोटी चाचपली, बंद केली. ऋषभनं फ्लास्क हळूच टेबलावर ठेवला. देवयानीनं हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं, पण पुढे आली नाही. गॅलरीत गॅसची निळी ज्योत तेवढी फुसफुसत होती, ती शलाकानं बंद केली.

मला त्या क्षणीसुद्धा हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू. ह्यांनी तिला सांगितलं होतं. त्या गॉगलच्या दिवशी डॉक्टरकडे ह्यांच्यासोबत ती गेली होती. डोळ्यांत औषध घालून अंधुक झालेल्या माणसाला हाताला धरून ॲक्टिव्हावर तिनं बसवलं होतं. ते सगळं माझं होतं.

"अहो," मी म्हटलं, "काय झालंय?"

"काही नाही, नंतर बोलू," देवयानी घाईनं म्हणाली. "पोरं आहेत, मॅडम."

"हां मॅडम, अपन दुबारा कर लेते हैं ना," ऋषभही पुटपुटला. "ऑक्झॅलिक आहे अजून."

सगळेच ह्यांना वाचवत होते. मला कळलं की कितीतरी दिवस वाचवत होते, जिन्यात, फळ्यापाशी, रस्त्यावर. आणि सगळ्यात जास्त माझ्यापासून.

ह्यांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. बोलले ते माझ्याशी, पण व्याख्या सांगतानाच्या आवाजात, मागच्या पोरापर्यंत पोचेल असं.

"मला दिसत नाही, रमा. समोरचं तर काहीच नाही, कडेनं थोडं कळतं. या सगळ्यांना माहीत आहे. तुलाच तेवढं सांगवलं नाही."