मुंगी कुठे वळते?

चौथीच्या बाईंना अर्धवट उत्तर म्हणजे दातात अडकलेला कण. निघेपर्यंत चैन पडायची नाही. आणि नेमकी त्यांची धाकटी बहीण प्रयोगशाळेत मुंग्यांवर संशोधन करत होती, जिथे उत्तरं वर्षानुवर्षं अर्धवटच राहतात.

तिचाच प्रश्न बाईंनी वर्गात आणला. नव्या वाटेला फाटा फुटला, तर मुंगी कुठे वळते? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मुलांनी पुठ्ठ्याच्या दोन फाटे फुटणाऱ्या वाटा कापल्या, दोन्ही टोकांना साखर ठेवली, मुंग्या सोडल्या, आणि एरवी पाच मिनिटं गप्प न बसणारी पोरं श्वास रोखून बघू लागली. सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठेना. बाई मनातून हरखून गेल्या होत्या.

मुख्याध्यापकांना मात्र हा तास पटला नव्हता. "शुक्रवारी येऊन बघतो," ते म्हणाले. "मुलं काय शिकली ते दिसू दे. नाहीतर त्या तासाला गणित घ्या."

मुलांनी फळ्यावर लिहिलेलं सगळं वेगवेगळं होतं. डावीकडे, उजवीकडे, मध्येच माघारी, एक तर पुठ्ठ्याखाली शिरून पसार. हा गोंधळ सरांना कसा दाखवायचा? गुरुवारी बाईंनी डस्टर उचललं. जास्त मुंग्या उजवीकडे गेल्या होत्या, म्हणून तेवढंच ठेवलं आणि वर्गाकडून घोकून घेतलं. एका प्रश्नाला एक उत्तर, ही हाताला लागलेली सवय.

शुक्रवारी धाकटी मुलांच्या नोंदी बघायला आली, तेव्हा वर्ग एका सुरात म्हणत होता, "मुंग्या उजवीकडे वळतात."

ती दारातच थांबली. "ताई, एकही डावीकडे नाही गेली?"

"गेल्या थोड्या. त्या मी पुसल्या."

"अगं, मी त्यांच्यासाठीच तर आले. त्या तशा का जातात, तेच आम्हाला कळत नाहीये."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांची मेहनत त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती, आणि सर कुठल्याही क्षणी येणार होते. त्या मुलांकडे वळल्या. "चूक माझी. तुम्ही पाहिलं तेच खरं होतं. पुन्हा बघायचं?"

पोरांना तेवढंच हवं होतं. बाकं सरकली, पुठ्ठे जमिनीवर आले, धाकटी त्यांच्यात पालथी पडली.

"ताई, ही परत का फिरली?" एकाने धाकटीला विचारलं.

"माहीत नाही."

"तू एवढी मोठी असून?"

"अरे, माहीत नाही म्हणून तर मला नोकरी आहे."

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. "मग, काय निघालं उत्तर?"

सगळा वर्ग बाईंकडे बघू लागला. घोटवलेलं वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"माहीत नाही, सर. अजून कोणालाच माहीत नाही."

सरांच्या भुवया चढल्या. ते काही बोलणार, तोच जमिनीवरून एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा ना. तुमच्या सावलीने मुंगी थांबली."

सर निमूटपणे सरकले. मुंगी चालू लागली. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले. "सावलीनेच थांबली कशावरून?"

मुलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीने मान वर केली. "हे मीही कधी तपासलं नाही."

"मग तपासा की," सर म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी मी येतो. कुठे उभं राहायचं, ते तुम्ही सांगा."