दिवेबाबाचे दोन दिवे

गौलीगुड्याच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधायची, लाल कापडाखाली हात घालायचे आणि दिवेबाबानं धरलेल्या दिव्याला चार्जिंगची वायर लावायची. तीन प्रयत्नांत दिवा पेटला तर माणूस सच्चा, नाही तर चोर! कोर्टानं गाशाच गुंडाळावा असा हा न्याय. त्याआधी कर्त्या पुरुषानं दारातल्या तांब्यात गाऱ्हाण्याची चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम.

सावित्रीबाईंची मोहनमाळ हरवली होती, म्हणून प्रशांत आईला, वहिनीला आणि बायकोला घेऊन आला होता. थोरल्या सुनेचा, सुजाताचा, दिवा पहिल्याच फटक्यात पेटला. टाळ्या पडल्या. मग धाकटी भाग्यलक्ष्मी बसली. वायर शिरेना. उलटी केली, तरी शिरेना. तिसऱ्यांदाही नाही.

"झूट चलता नहीं इधर, अम्मा!" बाबा गरजला. "दिवा पाप ओळखतो. कबूल करून टाक!"

भाग्यलक्ष्मीनं पट्टी वर सरकवून नवऱ्याकडे पाहिलं.

"देऊन टाक ना माळ," प्रशांत मान खाली घालून पुटपुटला. "घरातली गोष्ट घरातच राहील."

बाबाच्या बोलण्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं, नवऱ्याच्या बोलण्याचं वाटलं.

सुलतान बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात ती बारा वर्षं चार्जर विकत होती. तिची बोटं आता वायरचं टोक चाचपू लागली. एक बाजू रुंद, दुसरी अरुंद, वर दोन बारीक दाते.

"जाऊबाई, तुमच्या वायरचं टोक दोन्हीकडून सारखंच होतं ना?"

"हौ, गुळगुळीत होतं."

तिनं कापड खस्सकन ओढलं. खाली दोन दिवे, दोन वायरी!

"हा टाइप-सी. याला उलटं-सुलटं नसतंच, डोळे मिटून लावा. आणि हा जुना मायक्रो, एकाच बाजूनं जाणारा. मी वायर फिरवली की बाबा मुठीतला दिवा फिरवतो. याचं तोंड बघा, लोकांनी ढकलून ढकलून खिळखिळं केलंय. त्या टाइप-सीला ओरखडासुद्धा नाही."

"ते पाप्यांच्या हातांचे वण आहेत!" बाबा ओरडला, पण त्याचा एक पाय चपलेत होता.

तिनं उघड्या डोळ्यांनी वायर नीट धरून लावली. दिवा पेटला.

"पण तुलाच कसा तो जुना दिवा दिला गं?" सावित्रीबाईंनी विचारलं. "बाबाला काय ठाऊक?"

बाबाच्या आसनाखालून तांब्यातल्या चिठ्ठीचं टोक डोकावत होतं. भाग्यलक्ष्मीनं ती उलगडली. अक्षर प्रशांतचं होतं: 'धाकटीवर संशय आहे.'

प्रशांत जवळ आला. "भाग्या, चूक झाली. घरी चल."

"माळ शोधायची तर डबे उपसा, कपाटं उपसा, पोलिसांत जा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ज्याच्यावर संशय असेल त्याला समोर बसवून विचारा. दिव्याला काही कळत नाही, लोकहो. बाबाला तुम्ही लिहून देता आणि तेच तो तुम्हाला परत सांगतो." मग ती नवऱ्याकडे वळली. "लग्नाला अठरा वर्षं झाली. तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं."

चिठ्ठी त्याच्या हातात देऊन ती एकटीच बस स्टँडकडे चालू लागली.