पाच तासांवरचं लंडन

मी डाहीबांच्या मनगटावरचं, किल्ली द्यायचं घड्याळ बोलतोय. कान जरा जवळ आणा, वयामुळे आवाज बारीक झालाय.

आधी मी आणंद स्टेशनातल्या शनाभाई गार्डांच्या हातावर होतो. त्यांची हिरवी झेंडी माझ्या काट्याबरहुकूम हलायची, त्यामुळे खोटं म्हणून कधी बोललो नाही. शनाभाई गेले आणि बांनी, त्यांच्या बायकोनं, मला बांधलं. पट्ट्याला तापल्या सुईनं दोन भोकं जास्तीची पाडावी लागली.

यंदा लंडनहून मुलाचा, धवलचा फोन आला. सून हेतलचे दिवस भरत आलेले, तिला आई नाही. "बा, तू ये." बांचा जीव तुटत होता, पण गुडघे! "अंबाजीची बस पाच तासांची. त्यापुढे माझ्याच्यानं बसवत नाही रे."

"मग झालं की! अहमदाबादहून दुपारी बाराला निघायचं, लंडनला संध्याकाळी पाचला हजर."

बांनी बोटं मोजली. पाच! शेजारच्या कोकिळाबेन पदर तोंडाला लावून हसत होत्या.

विमानात माझे पाच वाजले. बांनी पिशवी काखेला मारली, बघतात तर खिडकीबाहेर नुसते ढग. "अहो बेन, गाडी कुठे अडकली? सिग्नल नाही मिळाला?" त्यांनी शेजारच्या सीटवरल्या बाईंना विचारलं.

"बा, अजून साडेचार तास आहेत. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा मागे असतात ना."

"गधड्यानं फसवलं मला!" बा कडाडल्या. मग थेपल्यांचा डबा उघडला. तीन रांगांना थेपले आणि धवलच्या लहानपणापासूनच्या लबाड्या वाटत त्या उभ्यानंच फिरल्या. गुडघ्यांना कुरकुरायला सवडच मिळाली नाही.

उतरलो तेव्हा भिंतीवर पाच, माझ्यात साडेनऊ. धवल पाया पडला.

"बघ बा, बरोब्बर पाच तास!"

"तुझ्या बापाचं घड्याळ साडेनऊ म्हणतंय. कुणाचं खरं मानू?"

"बापूजींचंच," धवलनं मान खाली घातली. "पण खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले," बा म्हणाल्या. तेवढ्यात मागून हेतल पोट सावरत आली आणि बांना बघून तिला रडूच फुटलं. बांनी तिला जवळ घेतलं. धवलचा कान पिळायचा राहूनच गेला.

धवल माझे काटे मागे फिरवायला आला, तर बांनी हात ओढून घेतला. "राहू दे. घरात एक तरी खरं बोलणारं असू दे."

आता नात दोन महिन्यांची झालीय. संधी मिळाली की मला चोखते. काल धवलनं परतीचं तिकीट दाखवलं, संध्याकाळी सातला निघून अहमदाबादला सकाळी साडेआठ. बांनी सावकाश बोटं मोजली.

"अगं बाई! येताना पाच तास आणि जाताना साडेतेरा? माझे गुडघे नाही ऐकायचे. दिवाळीनंतर बघू."

धवल आ वासून बघत राहिला. बांनी हळूच माझ्यावर पदर ओढला.

मंडळी, खरा आकडा मला ठाऊक आहे, आता तुम्हालाही आहे. पण कुणी विचारलं तर सांगू नका. गार्डाच्या घड्याळानं खोटं बोलायचं नसतं. गप्प बसायला कुणाची ना आहे?