पांढरा शाळू

श्रीगोंद्याच्या गहिनीनाथांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली रोपं टेबलावर ठेवली, तेव्हा देवश्रीला वाटलं कुणी कागदाची कापून आणलीत. शाळूची आठ दिवसांची रोपं, आणि पानं चुन्यासारखी पांढरी.

"आमच्या कारभारनीनं, आक्काबाईनं राखलेलं बी हाय," ते म्हणाले. "चैतात गेली ती. यंदा मी एकट्यानं पेरलं, तर मधूनमधून हे असं. गावात म्हनत्यात, तीच उगवून आली."

देवश्री नगरच्या एका प्रयोगशाळेत हरितलवकांवर, म्हणजे पानाला हिरवं करणाऱ्या कणांवर, काम करायची. त्यांना लागणारी बहुतेक प्रथिनं बाहेर, पेशीच्या रसात तयार होतात. प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला पत्त्यासारखा तुकडा असतो. लवकाच्या दारावर तो ओळखला गेला की प्रथिन उलगडून आत ओढलं जातं आणि तो तुकडा छाटला जातो. तिनं असा पत्ता जोडलेलं एक चमकणारं प्रथिन पांढऱ्या पानात बनेल अशी सोय केली. हिरव्या पानात ती चमक लवकांच्या आत जाऊन बसायची. इथे ती फिकट लवकांभोवती बाहेरच घुटमळत होती. त्यानंतर कित्येक दिवस जेवताना, बसमध्ये, डोळे मिटले की तिला तेच दिसायचं.

गहिनीनाथ पुन्हा आले तेव्हा तिनं सांगितलं, "काका, पत्ता बरोबर आहे. दारच ओळखत नाही. म्हणून पान हिरवं होत नाही, अन्नही बनवत नाही."

"मग जगतंय कशावर?"

"दाण्यातल्या साठ्यावर. तो संपला की रोप संपतं."

"एखादं तरी जगवा."

तिनं साखर घातलेल्या जेलीत एक रोप बाटलीत लावलं. ते जगलं. महिन्याभरात त्याची पांढरी पानं काचेला आतून टेकली. देवश्री ती बाटली ठेवलेल्या फळीकडे पाठ करून बसेना.

एक गोष्ट तिला सतावत होती. "हा दोष आई-बाप दोन्हीकडून आला तरच रोप पांढरं होतं," ती फोनवर म्हणाली. "म्हणजे तो या बियाण्यात जुना आहे. आधीही अशी रोपं आली असणार."

"तीस वर्सांत मला एक दिसलं न्हाई."

चार दिवसांनी ते स्वतःच आले.

"केशरबाईला इचारलं. ती खुरपायला असायची हिच्यासंगं. म्हनली, आक्का दरसाल उजाडायच्या आत रानात जायची. पांढरी तेवढी उपटून बांधाला पुरायची. मला कळू द्यायचं न्हाई, अशी शपथ घातल्याली."

"का?"

"आमची दोन लेकरं गेली. एक आठ दिवसांचं, एक अकरा. तशीच पांढरीफटक." त्यांनी बाटलीकडे पाहिलं. "हे द्या मला. बांधाला लावतो."

"बाहेर चार दिवसही टिकणार नाही, काका."

"ठावं हाय."

तिनं बाटली कागदात गुंडाळून दिली. मग न राहवून म्हणाली, "पुढच्या साली मी चांगलं बियाणं देते. त्यात हा दोष नसेल."

"नको," ते म्हणाले. "हेच पेरनार. पहाटं मी उपटीन."