साध्या डोळ्याला दिसलेलं

डॉक्टरांचा हात असा हलका, की पाकळीवरचं दव टिपावं आणि पाकळीला पत्ता लागू नये. किती म्हाताऱ्या डोळ्यांवरचा मोतीबिंदू त्यांनी उतरवला, त्याची गणती त्यांनाही नव्हती. आणि ज्याला नातवाचं तोंड पुन्हा दिसलं, तो मग डॉक्टरांना काहीही विचारी. धाकट्याला कुठल्या शाळेत घालू, घराला रंग कुठला देऊ, जावयाशी कसं वागू. सुरुवातीला डॉक्टर हसून टाळत. पुढे पुढे उत्तरं द्यायला लागले. बायको म्हणायची, यांना साधा चहा जमत नाही, पण उद्या कुणी आमटीत मीठ किती विचारलं तरी सांगतील.

डॉक्टरांची धाकटी बहीण शाळेत खेळ शिकवायची. पन्नाशीला टेकली तरी घरात ती बारकीच. चालण्याच्या शर्यतीत ती पंच असे. ही शर्यत मोठी नाजूक. पळायचं नाही, चालायचं, पण असं की पळणाऱ्याची दमछाक व्हावी. पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ हवा, आणि एक ना एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही सुटलेले दिसले की पंच लाल चिठ्ठी लिहितो, वेगवेगळ्या पंचांच्या चिठ्ठ्या जमल्या की स्पर्धक बाद. बारकी वळणावर उभी राही. ऊन अंगावर येवो, वारा डोळ्यांत जावो, तिच्या नजरेसमोरून पावलांची माळ ओवली जायची आणि ती एक एक मणी बघायची. यंदा पहिल्यांदाच परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी पंच म्हणून तिची निवड झाली होती. नवे बूट घालून ती घरातल्या घरात फेऱ्या मारत होती, तिथे जाईपर्यंत ते पायाला सरावावेत म्हणून.

जाण्याआधीची इथली शेवटची शर्यत होती, आणि बक्षिसं द्यायला पाहुणे म्हणून डॉक्टरांनाच बोलावलेलं. टपाल वाटणाऱ्याची मुलगी पहिली आली. दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील बांधकामाचे कंत्राटदार. ते मोबाइल घेऊन मंचावर आले. शेवटच्या वळणावरचं, पहिल्या आलेल्या मुलीचं चित्रण होतं. जरा बघता का, म्हणाले, डोळ्यांतलं तुमच्याहून जास्त कुणाला कळणार.

रोज दवाखाना मिटला की डॉक्टर आपल्याच शस्त्रक्रियांचं चित्रण थांबवत थांबवत बघायचे. हात कुठे किंचित चुकला ते त्यांना हवं असे, आणि तिथे ते स्वतःलाही माफ करत नसत. त्याच सवयीने बोट फिरलं. चित्र थांबलं, सरकलं, पुन्हा थांबलं.

"हे बघा, इथे दोन्ही पाय हवेत आहेत," ते म्हणाले. "स्पष्ट आहे."

त्या वळणावर पंच म्हणून कोण उभं होतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते बोलताना मात्र कुणीतरी त्यांचं चित्रण करत होतं. ते या फोनवरून त्या फोनवर गेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळलं की डोळ्यांचे एवढे मोठे डॉक्टर म्हणतात, त्या पंचबाईंना दिसत नाही.

बारकी घरी आली तेव्हा चिडलेली नव्हती. चिडली असती तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. पदराने घाम पुसत बसली आणि समजावल्यासारखी बोलली.

"दादा, तू डोळ्यांनी बघितलंस का? तू थांबवून बघितलंस. नियमातच आहे, साध्या डोळ्याला दिसलं तरच धरायचं. थांबवून बघितलंस तर पहिलीचेही पाय सुटलेले दिसतील आणि शेवटचीचेही. त्या कंत्राटदाराच्या मुलीचे तर जास्तच."

डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं. इतकं साधं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या कचेरीत गेले. चिटणिसांच्या वडिलांचे दोन्ही डोळे त्यांनीच केलेले, त्यामुळे पंखा त्यांच्याकडे वळवला गेला. डॉक्टर म्हणाले, मला या खेळातलं काही कळत नाही, मी बोललो ते चूक होतं. चिटणीस हात जोडून म्हणाले, हाच तुमचा मोठेपणा. शेजारचे दोघे माना डोलवायला लागले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, नियम सांगितला, आवाज चढवला. तशी चिटणिसांच्या चेहऱ्यावर हळूच समजूत उतरली.

"बहीण आहे, साहेब," ते मऊ आवाजात म्हणाले. "आम्हीही घरादाराची माणसं आहोत. तुमच्या जागी आम्हीही हेच केलं असतं."

डॉक्टर उठले. काल काही न कळता बोलले, ते सगळ्यांनी उचलून धरलं. आज कळून बोलले, तर तो भावाचा जीव झाला. तोंड तेच, जीभ तीच, आणि आता त्या जिभेला काही करता येत नव्हतं.

संघटनेने निकाल बदलला नाही. बदलता येतच नव्हता. पण डॉक्टरांच्या बोलण्याचा मान राखायचा म्हणून ठरवलं, की परदेशी जाणाऱ्या पंचाने डोळे तपासल्याचा दाखला आणावा. आणि तो डॉक्टरांचा नको, नात्यातला चालणार नाही.

शहरात दुसरे डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे त्यांचाच विद्यार्थी. डॉक्टर बारकीला घेऊन गेले आणि मुद्दाम बाहेर बसले. आत अक्षरं वाचल्याचा आवाज येत होता. मोठी, लहान, त्याहून लहान. बारकी शाळेत हजेरी घ्यावी तशी खणखणीत वाचत होती. कुठे अडखळली नाही. मग बाहुली मोठी करायचे थेंब घातले गेले, मागचा पडदा तपासला गेला. मध्येच विद्यार्थी दार लोटून बाहेर आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला.

"सर, दृष्टी तर उत्तम आहे. पण तुम्ही म्हणाला होतात ना त्या दिवशी... तर काय लिहू?"

"जे दिसलं ते लिही."

"हो सर, पण तुम्हाला जे दिसलं त्याच्या विरुद्ध मी कसं..."

"मला काहीही दिसलं नव्हतं रे," डॉक्टर म्हणाले. विद्यार्थी आदराने हसला आणि आत गेला.

काळा चष्मा लावून बारकी बाहेर आली. जवळचं वाचता येत नव्हतं म्हणून तिने कागद भावाच्या हातात दिला. वाच, म्हणाली. डॉक्टरांनी आधी मनात वाचला. दृष्टी निर्दोष, असं लिहिलं होतं. आणि खाली, वेगवान हालचाल टिपण्याच्या क्षमतेबाबत वरिष्ठ तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा. पुढे डॉक्टरांचं नाव.

"वाच ना, दादा."

त्यांनी वाचलं, नावासकट.  बारकी खांदे हलेपर्यंत हसली आणि हसता हसता थांबली.

"म्हणजे तुझा दाखला पाहिजे, आणि तुझा चालत नाही."

"मी पुन्हा जातो चिटणिसांकडे."

"नको. तू जितका जाशील तितकी मी आंधळी होत जाईन." तिने कागद परत घेतला, चाचपत दोनदा घडी घातली. "यादीत माझ्यामागे आहे ती पंचबाई जाईल. बरी आहे ती. डावा गुडघा नीट बघत नाही, पण शिकेल."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. थेंबांनी उघड्या पडलेल्या तिच्या डोळ्यांत ते चष्म्याआडूनही घुसत असणार. डॉक्टरांनी तिचा दंड धरला. दुसरं काही देण्यासारखं त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

"सांभाळ, पायरी आहे," ते म्हणाले.

"दिसते मला," बारकी म्हणाली, आणि उतरली.